एका वेळी एकच बदल

— पण असं कोण म्हणालं तुम्हाला, की मी जुनं मशीन बंद करू देत नाही? नाही, कळायला नको का मला? तुम्हाला नाव घ्यायचं नसेल तर मीच घेतो. अपडेट म्हणाला असणार. आमच्या विभागप्रमुखाला आम्ही सगळे अपडेट म्हणतो, त्याच्या माघारी, आणि त्याला ते माहीत आहे. हुशार आहे, प्रश्नच नाही. पण काही नवं निघालं की त्याला ते दुपारच्या आत हवं असतं, आणि त्याला हवं म्हणजे सगळ्या इमारतीला हवं. बसा ना. त्या खुर्चीवर नको, इकडे बसा — तिथून स्क्रीन दिसते. दिसली म्हणून काही बिघडत नाही म्हणा, तुम्ही हॉस्पिटलच्याच, समुपदेशक, घरच्या लोकांना रिपोर्ट समजावून सांगता, तुमच्यापासून काय लपवायचं. पण सवय असते एकेकाची. चहा घेणार? नको? बरं. चहा नको म्हणणारा माणूस एक तर घाईत असतो, नाहीतर त्याला जे बोलायचंय ते चहा पिता पिता बोलण्यासारखं नसतं. आणि तुम्ही काही घाईत दिसत नाही. आजवर वरच्या मजल्यावरचं कुणी ह्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. काम असलं तर फोन येतो — अमक्याचा रिपोर्ट का अडकला, तमक्याचा कधी मिळणार. आणि आज तुम्ही स्वतः, जिना उतरून, हसतमुखाने. म्हणून म्हणतो, ताकाला येऊन भांडं लपवू नका. त्यांनी पाठवलंय ना तुम्हाला? म्हाताऱ्याला जरा गोडीगुलाबीने समजावा, तुमचा तो धंदाच आहे — असंच ना?

नाही म्हणता. ठीक आहे. नाही तर नाही.

तरी मी काय करतो ते ऐकून घ्या, कारण वर माझ्याबद्दल जे बोललं जातं त्यात मी म्हणजे गोदामाचा रखवालदार. तुम्ही माणसाचं रक्त खाली पाठवता. ते शेजारच्या खोलीतल्या यंत्रात जातं, आणि यंत्र ते वाचतं — पण सलग नाही वाचत, तुकड्या-तुकड्यांनी. समजा एखाद्या जाड पुस्तकाच्या पुष्कळ प्रती घेतल्या, सगळ्या फाडून चिंध्या केल्या, आणि ते पोतं माझ्या दारात आणून टाकलं, तसं. इथून माझं काम. एक प्रोग्राम त्या चिंध्या मूळ पुस्तकाशी ताडून जागच्या जागी लावतो. दुसरा बघतो, ह्या माणसाच्या पुस्तकात कुठे वेगळं अक्षर आहे. तिसरा एक सूची उघडतो आणि सांगतो, हा फरक निरुपद्रवी, हा धोक्याचा, ह्याचं अजून कुणालाच काही ठाऊक नाही. आता हे तिन्ही प्रोग्राम कुणीतरी कुठेतरी सतत बदलत असतं. नवं व्हर्जन, त्याच्यावर आणखी नवं. शिवाय प्रत्येकाला आपापले सोबती लागतात — लहान-लहान प्रोग्राम, त्यांचीही व्हर्जनं. एकाचं पटतं त्याचं दुसऱ्याशी पटत नाही, एकत्र कुटुंबासारखं आहे, मधल्या सुनेला हात लावला तर थोरली रुसते. म्हणून आम्ही काय करतो, जे एकमेकांशी पटवून घेतात ते सगळे नेमक्या त्या त्या व्हर्जनचे घेतो, आणि डब्यात घालून झाकण लावून टाकतो. आम्ही त्याला डबाच म्हणतो. एकदा झाकण लागलं की आत कुणी हात घालायचा नाही. मग तो डबा ह्या मशीनवर उघडा नाहीतर समुद्रापलीकडच्या, आज उघडा नाहीतर पाच वर्षांनी — तेच रक्त घातलं तर तेच उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर मग आपण देतो तो रिपोर्ट नव्हे, कौल. फूल उजवीकडे पडलं, डावीकडे पडलं.

तुम्ही मान फार हलवता. समजलं म्हणून हलवताय की मी बोलत राहावं म्हणून?

हसलात. हसा. पण मला सवय लागली संशयाची, ती उगाच नाही लागली. अपडेट इथे नवीन आला तेव्हाची गोष्ट. त्याने एक डबा तयार केला, छान केला होता, पण सामान कुठून आणायचं हे लिहिताना एका ठिकाणी नेमकं व्हर्जन न लिहिता लिहिलं ‘लेटेस्ट’. म्हणजे ताजं जे असेल ते. आता मला सांगा, ‘ताजं’ हे काय व्हर्जन झालं? खाणावळीच्या दारावर ‘आजचा ताजा बेत’ अशी पाटी असते, ती पाटी वर्षानुवर्षं तीच, आत काय शिजतंय ते रोज वेगळं. तसंच झालं. मशीन बदललं, डबा पुन्हा बांधला गेला, त्या एका ठिकाणी मुकाट्याने नवा माल येऊन बसला. वर लेबल तेच. आणि मग एका पेशंटचा जुना नमुना काही कारणाने पुन्हा तपासला तर उत्तर निराळं. आता कुणाला वाटेल की डब्यातला माल बदललाय? कुणालाच नाही वाटलं. आळ आला रक्त घेणाऱ्या ताईंवर, की त्यांनी नळ्यांची अदलाबदल केली. त्या बाई जिन्यात बसून रडत होत्या, आणि जाणारे-येणारे बाजूने जात होते. मी डब्यांचे ठसे ताडून बघितले — आतल्या मालावरून एक ठसा निघतो, माल जरासा बदलला तरी ठसा बदलतो — तेव्हा कळलं. अपडेटचं एक मात्र सांगतो, तो तडक उठला आणि ताईंची सगळ्यांसमोर माफी मागून आला. मी असतो तर जमलं असतं की नाही, देव जाणे. पण तेव्हापासून मी कानाला खडा लावला. लेबलावर विश्वास नाही. माणसावर नाही. माझ्यावरसुद्धा नाही. ठसा दाखवा, मग बोलू.

आता हे कोपऱ्यातलं जुनं मशीन. ते डब्यांच्या आधीचं आहे. तेव्हा आम्ही सगळे प्रोग्राम सरळ मशीनवरच बसवायचो, भिंतीत वीट चिणावी तसे. त्यामुळे ते उचलून दुसरीकडे नेता येत नाही, मी प्रयत्न केलाय, कुठे ना कुठे तुटतं. म्हणजे ते मशीन बंद झालं की ते व्हर्जन जगातून गेलं. आणि त्या व्हर्जनवर आम्ही किती तरी लोकांना रिपोर्ट दिलेत, त्या रिपोर्टांच्या भरवशावर लोकांनी लग्नं केलीत, ऑपरेशनं केलीत, ऑपरेशनं टाळलीत. उद्या कुणी येऊन विचारलं की तुम्ही हे उत्तर कशावरून दिलं होतं, तर मी काय दाखवू? म्हणून चालू ठेवलंय. एवढंच कारण आहे. आणखी काही नाही.

आणखी काय असणार?

तुम्हाला वाटतं मी नव्याच्या विरुद्ध आहे. उलट नवा डबा मीच बांधला. आणि पद्धतीप्रमाणे तो वापरात आणण्याआधी पारखलासुद्धा मीच. ज्यांची उत्तरं आपल्याला आधीच माहीत आहेत असे जुने नमुने काढायचे — रक्त नाही लागत त्याला, यंत्राने वाचून ठेवलेलं आमच्याकडे जपलेलं असतं, रक्त नसलं तरी चालतं, माणूस नसला तरी चालतं — ते जुन्यावर चालवायचे, नव्यावर चालवायचे, उत्तरं शेजारी शेजारी ठेवायची. सगळी जुळली. हो, सगळी. — जवळजवळ सगळी. असं बघू नका, ‘जवळजवळ’ हा शब्द ह्या धंद्यात चालतो. एक नाही जुळलं. ते मी बाजूला काढलं आणि त्याच्या जागी दुसरा नमुना घेतला. घेता येतो, नमुना खराब असला तर घेता येतो. म्हणजे — खराब असेल अशी शंका असली तर.

एका बाईंचा होता. त्यांच्या मोठ्या बहिणीला छातीचा कॅन्सर झाला, म्हणून ह्यांनी तपासून घेतलं होतं. जुन्या व्हर्जनचं उत्तर होतं, धोक्याचं काही आढळलं नाही. नवं म्हणतं, आहे. नवं काय म्हणतं माहितीये — अक्षर नाही बदललेलं, तिथला अख्खा तुकडाच नाही. आता हे कसं असतं, मुद्रितं तपासणारा माणूस असतो ना, त्याला ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर लगेच टोचतं. पण एक अख्खं पान गळलं, आणि मागचं वाक्य पुढच्या वाक्याला नीट लागून गेलं, तर तो वाचत पुढे जातो. जुना प्रोग्राम तसा होता. तो अक्षरं बघायचा, पान मोजायचा नाही. नवा पानं मोजतो. — नाही नाही, म्हणून नवा बरोबर असं मी म्हटलेलं नाही. तुम्ही लगेच निष्कर्ष काढू नका. नवा पहारेकरी ठेवला की त्याला पहिल्या आठवड्यात मांजरसुद्धा चोर दिसतं. त्या एका जागी चिंध्या मुळात कमी पडल्या असतील, यंत्राने त्या दिवशी नीट वाचलं नसेल, तर नव्याला वाटणार तुकडा गायब आहे. आणि नव्यात फक्त तो एक प्रोग्राम बदललेला नाही, तिन्ही बदललेत, सूचीसुद्धा बदलली. मग उत्तर कशामुळे बदललं? सांगा. नाही सांगता येत. त्याला पद्धत आहे. एका वेळी एकच बदलायचं. पहिला नवा, बाकी जुने. मग दुसरा नवा. जिथे उत्तर पालटलं तिथे बोट ठेवायचं. मी इथे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो — सगळं एकदम बदलणारा माणूस शेवटी देवाला दोष देतो.

काय?

नाही. नाही केलं. — वेळ नाही झाला. लागतो किती म्हणजे, फार नाही लागत, सकाळी लावलं तर जेवणापर्यंत होतं. पण कामं असतात, मॅडम. तुम्हाला वाटतं आम्ही खाली बसून माशा मारतो? मला सांगा, तुम्ही हा प्रश्न का विचारला? हा प्रश्न समुपदेशकाचा नाही, हा प्रश्न आमच्या लोकांचा आहे. कुणी शिकवून पाठवला? अपडेटने यादी चाळली असणार, एक नमुना बदललेला दिसला असणार त्याला. त्याने मला सरळ विचारायचं होतं. सरळ विचारलं असतं तर मी सरळ सांगितलं असतं, की बाबा रे, ही गेल्यानंतर मी त्या नमुन्याला —

त्या बाई. त्या बाई गेल्यानंतर, म्हणायचं होतं मला.

बघा, तुम्ही मान हलवायची थांबलात.

हो. आमचीच ही. त्यात लपवण्यासारखं काय आहे, सगळ्या इमारतीला माहीत आहे माझी बायको गेली ते, शोकसभेच्या फुलांचे पैसे सगळ्यांनी मिळून दिले. तिचा नमुना पारखायला घेतला कारण — कुठला तरी घ्यायचाच होता. उत्तर माहीत असलेला घ्यायचा असतो. हिचं उत्तर मला चांगलं माहीत होतं, मीच चालवलं होतं ते, मीच घरी जाऊन सांगितलं होतं. तिची अक्का गेली होती, अक्काचं रक्त कुणी घेऊन ठेवलेलं नव्हतं, आणि ही रोज आरशासमोर उभी राहून स्वतःकडे अशी बघायची, की घरात चोर शिरलाय हे नक्की, पण कुठल्या खोलीत ते कळत नाही. मी सांगितलं, काही निघालं नाही. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, तुमच्या मशीनला नक्की कळतं ना हो? म्हटलं, मशीनला काय करायचं असतं खोटं बोलून. ती हसली आणि उरलेले कपडे माझ्या हातात दिले — मग घाला आता तुम्हीच, म्हणाली, मी मोकळी झाले. त्यानंतर ती दरवर्षीच्या तपासणीला गेली नाही. का जाईल? रिपोर्ट स्वच्छ होता. आणि पुढे तिलाही तेच झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, रक्तातून आलेलं काही नसतानाही होतो हा आजार, पुष्कळांना होतो. खरंच होतो. तुम्हीही हेच सांगता ना लोकांना?

मी जुन्याला दोष देत नाही. त्याला जेवढं दिसत होतं तेवढं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. आजही तो नमुना घातला की तो तेच सांगतो. आढळलं नाही. शब्दाला शब्द तेच. मी — घालतो कधी कधी. मशीन ठीक चालतंय ना ते बघायला.

मुलीचं काय विचारता? ठमीचा काय संबंध? ठमी म्हणजे आमची मुलगी, घरातलं नाव, आता तिला कुणी तसं म्हटलेलं चालत नाही. तिचा काही संबंध नाही. तिने आत्ताच नवं घर केलंय, पडदे कुठल्या रंगाचे घ्यावेत ह्यावर नवरा-बायकोचे आठवडेच्या आठवडे रुसवे चालतात. आईचा रिपोर्ट स्वच्छ होता म्हणून तिला तपासायचा प्रश्न आला नाही. नियमच आहे तसा, तुमचाच नियम. आता मी तिला काय सांगू? की एका डब्याने हे म्हटलंय आणि एका मशीनने ते? जे मला अजून नक्की नाही ते मी पोरीच्या डोक्यावर ठेवू? आईचं असेल तर मुलीला निम्मी शक्यता, हे मला तुम्ही सांगायला नको. निम्मी. नसेलही. पण सांगितल्यावर ती आरशासमोर कशी उभी राहील ते मला दिसतं, मी ते बघितलंय एकदा. आणि नक्की करायचं तर ते एकेक बदलून बघावं लागणार, आणि दुसरा प्रोग्राम बदलल्या-बदलल्या जर — म्हणून म्हणतो, घाई नको. जुनं मशीन चालू आहे तोवर दोन उत्तरं आहेत. ते बंद केलंत की एकच उरतं. कळतंय का तुम्हाला, मी काय — नाही, तुम्हाला नाही कळणार. तुम्ही लिहून घ्या, म्हातारा ऐकत नाही. वर जाऊन सांगा तसं.

का नाही लिहीत?

म्हणजे? वरून कुणी नाही पाठवलं तर मग कुणी —

ठमी?

तुमच्याकडे आली होती? इथे, ह्या इमारतीत? — कधी? एकटीच? मी खालीच होतो की मग. जिन्यावरून जाताना माझं दार दिसतं. — थांबा, थांबा, तिला कुणी सांगितलं? अपडेटने सांगितलं? — नाही? मग कशी — हं. हं. तुमच्या पत्रकात वाचलं. गळलेली पानं आता सापडतात असं. ते पत्रक मीच तपासून दिलं होतं तुम्हाला, सोप्या भाषेत हवं म्हणालात म्हणून. आणि ते वाचून तिला वाटलं, आईचं पुन्हा बघता येईल का. मग मला का नाही विचारलं तिने? बाप कोण आहे तिला माहीत नाही? फोन रोज करते, पडद्यांचं सगळं सांगते, आणि हे तुम्हाला —

काय म्हणाली? पुन्हा सांगा. तिच्या शब्दांत सांगा, तुमच्या नको.

‘बाबांना आईचं नाव पुन्हा त्या स्क्रीनवर बघायला लागू नये. दुसऱ्या कुणाकडून करून घेता आलं तर बघा.’

दुसऱ्या कुणाकडून.

आणि तरीही तुम्ही माझ्याकडेच आलात. — हो, बरोबर आहे, जुनं मशीन दुसऱ्या कुणाला चालवता येत नाही. आणि तिला दोन्ही हवेत. जुनं उत्तर आणि नवं, आणि फरक कशाने पडला तेही. असं म्हणाली ती? फरक कशाने पडला ते. हे तिला कुणी शिकवलं नाही, मॅडम, ती माझ्या कामाचं कधी ऐकूनसुद्धा घ्यायची नाही, कंटाळा यायचा तिला.

नाही, पाणी नको. ठीक आहे मी.

तिचं रक्त घेतलंत का? — नाही ना अजून. घेऊ नका इतक्यात. आधी आईचं होऊ दे. आईचं नक्की झालं की तिचं कुठे बघायचं ते कळतं, उगीच सगळीकडे शोधत बसावं लागत नाही. हे तुम्हाला माहीत असेल, तरी सांगतो. आणि तिचं मी नाही चालवणार. तिचं अपडेटला चालवू दे. मी लिहून देईन त्याला कुठला डबा ते, ठशासकट. तो करील नीट.

हे मी करतो. पहिला नवा, बाकी जुने — आता लावतो. तुम्ही जा. नाही, रागावलो नाही, कुणी समोर बसलं की माझ्या हातून चुका होतात, एवढंच. आणि तिला काही कळवू नका. फोन तिचा येतोच संध्याकाळी, तेव्हा मी बोलेन. काय बोलेन ते मला नका विचारू. जा ना तुम्ही. दार ओढून घ्या.